ती मोठी होईपर्यंत

“हे काय चिकटवलंय याला?” मी विचारलं.

“चिकटपट्टी.”

“ते दिसतंय मला. का चिकटवलीय?”

“नाव लिहायला,” बाई म्हणाल्या. “आमच्या दवाखान्यात बाळ आलं की आधी मनगटाला पट्टी लावतात, त्यावर नाव. अदलाबदल होऊ नये म्हणून.”

“अहो सिस्टर, हे कॅमेऱ्याचं कार्ड आहे. बाळ नाही.”

“हरवायचं नाही, एवढं दोघांचं सारखंच.”

कार्ड माझ्या रीडरमध्ये अडकून बसलं होतं. आत जाईना, बाहेर येईना. मागे दोन गिऱ्हाइकं चुळबुळत होती. मी चिमटा शोधायला लागलो आणि मनातल्या मनात या बाईला काय काय ऐकवायचं त्याची जुळवाजुळव करत राहिलो.

ही गोष्ट दोन हजार चार सालची. शनिवार पेठेतलं आमचं फोटोचं दुकान नुकतंच रोलमधून उठून डिजिटलमध्ये येऊन बसलं होतं. वडिलांचा जन्म ज्या डार्करूममध्ये गेला, तिथे मी ट्यूबलाइट लावून कॉम्प्युटर मांडला होता. आणि कार्डं विकत होतो. कार्डांचा तेव्हा नुसता बाजार भरला होता. एक पापडासारखं पातळ, एक काडेपेटीएवढं जाड, एक नखाएवढं. या दिवाळीला घ्यावं तर पुढच्या दिवाळीला त्याची जातच बंद. लोकांना त्याचं काही नव्हतं. येऊन एकच विचारायचे, “किती फोटो बसतील?” मी आकडा सांगितला की खूश.

बाईंचं नाव सत्यशीला रामटेके. माहेर भंडाऱ्याकडचं. पण पुण्यात येऊन इतकी वर्षं झाली होती की आमच्यासारख्याच तोडून बोलायच्या; चिडल्या की मात्र “काहून?” निघायचं. सदाशिव पेठेतल्या एका ट्रस्टच्या दवाखान्यात त्या सिस्टर होत्या. जन्मतःच ओठ फाटलेली बाळं तिथे यायची आणि त्यांची शस्त्रक्रिया फुकट व्हायची. शस्त्रक्रियेआधी एक फोटो, नंतर एक. अमेरिकेतल्या कुणा दात्याने डिजिटल कॅमेरा पाठवला, तो डॉक्टरांनी सिस्टरांच्या गळ्यात घातला, कारण त्यांच्यासमोर बाळं रडत नसत. आता तो कॅमेरा मेला होता. मागे राहिलं होतं ते हे पापडाच्या जातीचं कार्ड, आणि त्यावरच्या पट्टीवर बॉलपेनने लिहिलेलं नाव: सृष्टी.

चिमट्याने कार्ड ओढून काढलं. पट्टी सोडवली तर तिचा डिंक नेमका सोनेरी भागावर, जिथून कार्ड वाचलं जातं तिथेच. पुसून पुन्हा लावलं. कॉम्प्युटरला काही दिसेना.

“उघडत नाही,” मी म्हणालो. “दवाखान्याच्या कॉम्प्युटरवर असेलच ना?”

“नाही. तिथून काढून टाकला.”

“सीडीवर?”

“नाही.”

“म्हणजे फक्त यावर?”

“हो.”

“धन्य आहे तुमची! अहो, एकच प्रत, आणि तिला चिकटपट्टी?”

“काहून ओरडता?” त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला. “काहीही करा, पण उघडा. हा फोटो माझा नाही हो.”

मग त्यांनी सांगितलं. गिऱ्हाइकं केव्हाच कंटाळून निघून गेली होती, म्हणून सगळं सांगितलं.

सृष्टीची आई चंपा, हिंजवडीच्या पलीकडची, माण गावची. नवरा कंपनीच्या बसवर ड्रायव्हर. नव्याण्णव सालच्या ऑगस्टात सूर्यग्रहण लागलं तेव्हा चंपा गरोदर होती, आणि त्या दिवशी तिने विळीवर भाजी चिरली होती. चिरली नसती तर घरातले जेवले काय असते, हे कुणी विचारलं नाही. पोरगी फाटल्या ओठाची जन्मली आणि सासूने आळीभर केलं, बघा, हिनं ग्रहणात पोरीचा ओठ चिरला. ग्रहणाचा याच्याशी काडीचा संबंध नाही, हे डॉक्टरांनी सांगितलं, सिस्टरांनी सांगितलं. कोण ऐकतंय! पुढे शस्त्रक्रिया झाली, छान झाली, टाके निघाले. आणि चंपाने हात जोडून मागितलं ते हे: “त्यो आधीचा फोटो पुसा. माझ्या नावानं बोंब मारायला त्यो पुरावा हाय.”

डॉक्टर म्हणाले, आईची इच्छा आहे, काढून टाका. सिस्टरांनी दवाखान्याच्या कॉम्प्युटरवरून त्याच दिवशी काढला. कार्डावरचा मात्र ठेवला आणि तसं चंपाच्या तोंडावर सांगितलं.

“चंपाबाई, दवाखान्यातून गेला. पण एक प्रत पोरीच्या नावानं राहील. चेहरा तिचा आहे. ती मोठी झाली की तिला विचारीन. ती पुसा म्हणाली तर पुसेन.”

चंपा भांडली, रडली, पोरीला उचलून दारापर्यंत गेली आणि परत आली. “दुसऱ्या कुनाला दिसनार न्हाई?”

“तिच्याशिवाय कुणाला नाही.”

एवढंच. शब्द दिला होता. तो पाळला की नाही हे बघायला कुणी येणार नव्हतं. पोरगी शब्द दिला तेव्हा तान्ही, आता कुठे चार वर्षांची; तिला तर पत्ताच नव्हता. आणि आता ही बाई माझ्या दुकानात घामाघूम होऊन उभी होती.

मी खणातून साधा शाळेचा खोडरबर काढला. सोनेरी भागावर हलक्या हाताने फिरवत राहिलो. जोर लागला तर संपलंच. शेजारी सिस्टर श्वास मोठ्याने घेत होत्या. तिसऱ्यांदा लावलं तेव्हा रीडरचा दिवा लागला आणि पडद्यावर फाइलचं नाव आलं.

“आला!” मी ओरडलो. माझ्या स्वतःच्या लग्नाचे फोटो धुऊन आले तेव्हाही मी इतका ओरडलो नव्हतो.

मी माउसकडे हात नेला, तोच सिस्टर म्हणाल्या, “थांबा. पडदा इकडे फिरवा. आणि तुम्ही जरा दाराशी उभे राहा.”

“माझ्या दुकानात मी दाराशी?”

“हो.”

गेलो. काय करणार!

फोटो धड आहे याची खात्री करून त्यांनी मला आत बोलावलं. आता तो ठेवायचा कशावर? मी नखाएवढं, नवीनच आलेलं एक्सडी कार्ड पुढे केलं. “हे घ्या. सगळ्यांत लहान. आता हेच चालणार बघा.”

“हे किती कंपन्यांच्या कॅमेऱ्यात बसतं?”

“दोन.”

“आणि हे?” त्यांनी साध्या एसडी कार्डावर बोट ठेवलं.

“ते काय, कुणाच्याही.”

“मग हेच द्या.”

“अहो पण त्यात नवीन काय आहे?”

“श्रीनिवासराव,” पाटीवरचं माझं नाव घेऊन त्या म्हणाल्या, “एका घरचा आड असला की घरमालक म्हणेल त्या दिवशी पाणी बंद. गावाचा पाणवठा बंद करायचा तर गावाला विचारावं लागतं.” जरा थांबून म्हणाल्या, “पाणी बंद होतं म्हणजे काय, ते माझ्या आजीला विचारायचं होतं तुम्ही.”

आमच्या घरामागेही आड होता, आणि तो कुणासाठी नव्हता ते मला चांगलं ठाऊक होतं. मी गुपचूप एसडी कार्ड काढलं.

“दोन द्या. पण वेगवेगळ्या कंपन्यांची,” त्या म्हणाल्या. “एकाला काही झालं तर दुसरं वाचावं.”

दोन्हींवर फोटो चढवला, जुनं कार्ड कात्रीने कापलं, माझ्या कॉम्प्युटरवर काही राहिलं नाही ना हे त्यांनी तीनतीनदा विचारलं. निघताना मी बजावलं, “पट्टी डबीला लावायची. कार्डाला नाही.”

“कळलं हो,” त्या म्हणाल्या.

तेव्हापासून बुद्धपौर्णिमा झाली की सिस्टर दुकानात हजर. दवाखान्यात ऑक्सिजनचे सिलिंडर भरलेले आहेत ना, हे जसं काटा बघून तपासतात, तसं त्या कार्ड उघडतंय ना, ते बघायला यायच्या. मी “आल्या इन्स्पेक्टर” म्हणायचो आणि पडदा फिरवून दाराशी जाऊन उभा राहायचो. गिऱ्हाइकांना वाटायचं, आत काय खलबतं चाललीत! दोन मिनिटांत “झालं” असा आवाज यायचा. मग चहा, मग माझ्या धंद्याची चौकशी. “नवीन काय निघालं?” हे त्या विचारायच्या आणि पाठोपाठ दुसरा प्रश्न, “आपलं जुनं त्यात बसतं ना?”

मी ज्याची एवढी भलामण केली होती ते नखाएवढं कार्ड काही वर्षांत कुठल्या कुठे गेलं. माझ्या काचेच्या कपाटात त्याची पाकिटं धूळ खात पडली. सिस्टरांची नजर त्यावर जायची, पण बाई एका शब्दाने बोलल्या नाहीत. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं. एसडीचीही पुढे भावंडं निघाली, जास्त पोटाची, जास्त वेगाची, आणखी बारकी. पण नव्या खाचेत जुनं कार्ड बसत राहिलं. पाणवठा चालू राहिला म्हणायचा.

एका वर्षी त्यांच्याबरोबर दत्तप्रसाद नावाचा मुलगा आला. हिंजवडीत मोठ्या हुद्द्यावर होता आणि दवाखान्याचं सगळं रेकॉर्ड फुकटात कॉम्प्युटरवर चढवून देत होता. चांगला मुलगा, मनापासून करत होता.

“सिस्टर, हे काय डब्या घेऊन फिरता? क्लाउडवर टाकू ना,” तो म्हणाला. “एकदम परमनंट. आपण सगळे गेलो तरी राहील.”

“कायमचं कुणाला हवंय?” सिस्टर म्हणाल्या. “मला ती मोठी होईपर्यंत हवंय.”

“आणि मग?”

“मग तिचं ती.”

तो हसला, खांदे उडवले आणि चहा प्यायला. मी मात्र त्या दिवशी दुकान बंद करेपर्यंत त्याच वाक्यावर अडकलो होतो. माझा सगळा धंदा लोकांच्या ठेवण्याच्या हौसेवर. बारशाचे फोटो, मुंजीचे फोटो, कुठल्या हॉटेलात काय खाल्लं त्याचे फोटो. काढायचं आणि साठवायचं, बघायचं कुणी नाही. आणि ही बाई एक फोटो डोळ्यांत तेल घालून जपत होती, तो ठेवण्यासाठी नाही, दुसऱ्या कुणाला तरी पुसता यावा म्हणून. खरं सांगतो, मला त्यांच्याबद्दल फार आदर वाटला. तो मी त्यांना बोलून दाखवला नाही. आमच्या पेठेत असलं काही तोंडावर बोलायची पद्धत नाही.

निवृत्त झाल्यावर एकदा सिस्टरांच्या हृदयाची शस्त्रक्रिया निघाली. दाखल व्हायच्या आदल्या दिवशी रिक्षा करून दुकानात आल्या आणि दोन्ही डब्या माझ्यापुढे ठेवल्या.

“मी आले परत तर माझ्या. नाही आले तर माणला जायचं, चंपाबाईचं घर विचारायचं, पोरीच्या हातात द्यायच्या. तोवर उघडायच्या नाहीत.”

“काहीतरीच काय बोलता! येताय परत.”

“उघडायच्या नाहीत, श्रीनिवासराव.”

“नाही उघडणार हो.”

उघडल्या नाहीत. मोह झाला का? झाला. रोज शटर ओढताना व्हायचा. इतकी वर्षं पडदा फिरवून दाराशी उभा राहणारा माणूस मी, मला बघावंसं वाटणार नाही? पण नाही उघडल्या. पुढे महिन्याभराने बाई काठी टेकत आल्या, डब्या उलटसुलट करून बघितल्या, पर्समध्ये टाकल्या आणि म्हणाल्या, “चहा सांगा, बिनसाखरेचा.” मला इतका आनंद झाला की मी दोन सांगितले आणि दोन्ही त्यांच्यापुढे ठेवले.

दोन हजार अठराच्या उन्हाळ्यात त्या सृष्टीला घेऊन आल्या.

मुलगी चांगली उंच, कॉलेजात पहिल्या वर्षाला. वरच्या ओठावर एक बारीक रेघ होती. माहीत नसेल तर दिसणारही नाही. बरोबर चंपा आली होती. सिस्टरांनी माणला जाऊन दोघींना समोर बसवून विचारलं होतं आणि सृष्टी म्हणाली होती, मला बघायचाय. चंपा मात्र उंबऱ्याच्या आत यायला तयार होईना.

“मी हितंच बरी,” म्हणाली आणि दुकानाच्या पायरीवर रस्त्याकडे तोंड करून बसली.

मी पडदा फिरवला, कार्ड लावलं आणि दाराशी येऊन उभा राहिलो. चंपा माझ्या पायाशी, मी तिच्या मागे, दोघंही रस्त्यावरच्या स्कूटर बघत. आतला शब्द न् शब्द ऐकू येत होता.

“काका, हे झूम कसं करायचं?”

“माउसचं चाक फिरव,” मी पाठमोराच म्हणालो.

चंपा पदराचा काठ बोटाला गुंडाळत होती.

“मी हसतेय यात,” सृष्टी म्हणाली.

“तू सारखीच हसायचीस,” सिस्टर म्हणाल्या.

“आणि हा हात?”

“आईचा. तिनं तोंड फिरवलं होतं. पण तुझी मान तिनंच धरली होती.”

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

“सिस्टर, याच्या कॉपीज किती आहेत?”

“हे कार्ड आणि ते. बाकी कुठे नाही.”

“आणि हा माझा आहे ना?”

“तुझाच.”

“मग डिलीट करू?”

गर्रकन वळून ओरडावंसं वाटलं, अगं बाई, अठरा वर्षं! एका कार्डावरून दुसऱ्यावर, पर्समधून, रिक्षातून, हृदयाच्या ऑपरेशनातून ही बाई ते घेऊन आलीय, आणि तू दोन मिनिटांत? पण मी वळलो नाही.

“कर,” सिस्टर म्हणाल्या. आवाजात काही म्हणजे काही नव्हतं. पोरीने पाणी पिऊ का विचारावं आणि हो म्हणावं, तसं म्हणाल्या.

“का, ते विचारणार नाही?”

“नाही.”

सृष्टीने मग आपण होऊनच सांगितलं, हळू आवाजात, पण पायरीपर्यंत पोहोचलंच ते. “मला एकदा बघायचा होता. बघितला. मला काही नाही वाटलं हो, क्यूट दिसतेय मी. पण आईला त्याची अजून भीती वाटते. आजी जाऊन इतकी वर्षं झाली, तरी. कुठंतरी तो आहे, म्हणून झोपेत दचकते ती.”

माउसची टिकटिक ऐकू आली. मग दुसरं कार्ड. पुन्हा टिकटिक.

“गेला,” सृष्टी म्हणाली.

चंपा पायरीवरून उठली. तिने पदर सारखा केला, चपला काढल्या, देवळात काढाव्यात तशा, आणि माझ्या बाजूने आत गेली. मीही वळलो.

“सिस्टर,” ती म्हणाली, “मला बी दावा की एकदा. तवा मी नीट बघितलाच न्हाई. सगळ्यांची भ्या वाटत हुती. आता बघते.”

सृष्टीचा चेहरा पांढरा पडला. “आई, मी आत्ताच… तुझ्यासाठीच गं…”

“येईल परत!” मी मध्येच बोललो. “पुसलं तरी लगेच जात नाही ते, आतच असतं. माझ्याकडे सॉफ्टवेअर आहे, आत्ता काढतो—”

“श्रीनिवासराव.”

सिस्टरांनी नुसतं नाव घेतलं. मी होतो तिथेच थांबलो. त्यांनी सृष्टीकडे बघितलं. “तू सांग. काढायचा का परत?”

सृष्टी आईकडे बघत राहिली. चंपाने मान हलवली.

“ऱ्हाऊ द्या,” ती म्हणाली. “पोरीनं पुसला न्हवं? मग ऱ्हाऊ द्या. मला काय फोटोत बघून कळायचंय व्हय? हिला अंगावर वढता येत न्हवतं. वाटीत काढून चमच्या-चमच्यानं पाजलंय मी त्या ओठाला.”

तिने हात वर केला. सृष्टी उंच, म्हणून तिने मान खाली केली. चंपाने तिच्या नाकपुडीखाली बोट टेकवलं आणि सावकाश ओठाच्या कडेपर्यंत आणलं.

“हितनं हितवर हुतं,” ती म्हणाली. “आन् तू हसलीस की समदं दूध सांडायचं.”

तिचं बोट तिथेच राहिलं. सृष्टीने मान वर केली नाही.